तालमीचा तास

एक प्रवेश आहे, फक्त चार वाक्यांचा.

‘आलास?’
‘हो.’
‘उशीर झाला.’
‘माहीत आहे.’

पात्रांना नावं नाहीत. जागा सांगितलेली नाही, वेळही नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हा प्रवेश पहिल्यांदा वाचायला दिला की तो तीन सेकंदांत संपतो आणि मुलं विचारतात, ‘एवढंच?’ मग मी एकेका जोडीला बाजूला घेऊन कानात परिस्थिती सांगते. पहिली जोडी आई आणि मुलगा. वडील इस्पितळात होते, मुलगा पोहोचायच्या आधीच ते गेले. दुसरी जोडी दोन चोरांची, ठरलेल्या जागी, पण ठरलेली वेळ टळून गेल्यावर. तिसरी जिवलग मित्रांची. सकाळीच कडाक्याचं भांडण झालंय आणि त्यातला एक माफी मागायला आलाय. शब्द तेच ठेवायचे, एकही वाढवायचा नाही. ही माणसं कोण आणि काय घडलंय, हे बाकीच्या वर्गाने नुसतं बघून ओळखायचं.

एका वर्षी पहिल्या जोडीतला मुलगा आत आला आणि दारातच थांबला. आई झालेल्या मुलीने त्याच्याकडे न बघताच ‘आलास?’ म्हटलं. त्याने ‘हो’ म्हणायला इतका वेळ घेतला की मागची खुसफुस आपोआप थांबली. ती मुलगी सगळा वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. शेवटचं ‘माहीत आहे’ तर जेमतेम ओठांवर आलं. वर्गाने लगेच ओळखलं, कोणीतरी गेलंय.

बोललेल्या शब्दांखाली न बोललेलं काहीतरी असतं, हे त्या दिवशी तीस-चाळीस मुलांना कळलं. फळ्यावर व्याख्या लिहून ते मला शिकवता आलं नसतं. माध्यमिक शाळेत नाटक हा स्वतंत्र विषय असावा, वेळापत्रकात त्याला ठरलेले तास असावेत आणि तो सगळ्या मुलांना शिकवला जावा, असं माझं ठाम मत आहे. आणि तो तास तालमीचा असावा. वार्षिक कार्यक्रमाची तयारी उरकण्यासाठी तो नसावा.

नाटकाने काय मिळतं असं कोणत्याही पालकांना विचारा, पहिलं उत्तर येतं सभाधीटपणा. मुलगा चारचौघांत बोलायला लागतो, भीड चेपते. खोटं नाही ते. पण तेवढंच हवं असेल तर वक्तृत्वाच्या स्पर्धा आहेत, कथाकथन आहे. भाषण करणारं मूल एकटं उभं राहतं. पाठ केलेलं बोलतं, टाळ्या घेतं, खाली उतरतं. नाटकात समोर दुसरं माणूस असतं आणि माझं वाक्य त्याच्या वाक्यातून निघावं लागतं. तो चुकला तर मला सावरावं लागतं, मी चुकले तर तो सावरतो. हा फरक मला फार मोठा वाटतो. सभाधीटपणात आपलं बोलणं पुढे असतं, नाटकात आधी ऐकणं येतं.

ऐकणं म्हटलं की सोपं वाटतं. प्रत्यक्षात मुलं नाटकात सुरुवातीला अजिबात ऐकत नाहीत. ती ‘क्यू’ पाठ करतात, म्हणजे समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की आपलं वाक्य सोडायचं. हे मोडायला मी एक गंमत करते. जोडीतल्या एकाला गुपचूप सांगते, तुझं वाक्य अर्थाने उलटं कर. संहितेत असतं ‘मी उद्या गावाला जाणार आहे.’ तो म्हणतो, ‘मी उद्या गावाला जाणार नाहीये.’ आणि समोरचा ठरल्याप्रमाणे विचारतो, ‘मग परत कधी येशील?’ वर्ग हसून लोळतो. ज्याची फजिती झाली तोही हसतो, पण पुढच्या वेळी तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतो. दोन-चार आठवडे असं झालं की तालमीचा सूर पालटतो. मुलं थांबायला शिकतात. दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर त्याचा परिणाम आपल्यावर होऊ देतात आणि मग बोलतात. शाळेच्या बाकीच्या दिवसात असं ऐकण्याचा सराव त्यांच्याकडून कुठे करून घेतला जातो? इतर तासांना ऐकायचं ते लिहून घेण्यासाठी, नाहीतर उत्तर देण्यासाठी.

या वयाचाही विचार करायला हवा. बारा ते सोळा या वर्षांत मुलांना आपण कोण हे नव्याने ठरवायचं असतं आणि त्याच वेळी सगळं जग आपल्याकडेच बघतंय असंही वाटत असतं. आवाज फुटतो, उंची वाढते, हात कुठे ठेवावेत कळत नाही. अशा मुलाला ‘स्वतःबद्दल बोल’ म्हटलं की तो मिटून जातो. त्याला म्हणा, ‘तू साठ वर्षांचा पोस्टमन आहेस आणि आज तुझ्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे.’ आता त्याला बोलता येतं, कारण बोलणारा तो नसतो. भूमिकेच्या आडोशाने तो स्वतःच्या भीतीचं, रागाचं, मायेचं काहीतरी बाहेर काढतो. आडोसा आहे म्हणूनच काढतो.

शाळांत नाटक आजही होतंच की, असं कोणी म्हणेल. होतं, आणि कसं होतं ते मी जवळून पाहिलंय. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले की दहा-बारा मुलं निवडली जातात. गेल्या वर्षी ज्यांनी केलं तीच बहुतेक पुन्हा असतात, कारण त्यांचं पाठांतर लवकर होतं. शिक्षक प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवतात आणि मुलं त्या आवाजाची, त्या हातवाऱ्यांची नक्कल करतात. उरलेल्यांना झाड, गर्दी किंवा पडदा ओढणं. भाड्याने आणलेल्या पोशाखांवर निम्मी शक्ती खर्च होते. प्रयोग होतो, फोटो निघतात, आणि नाटक हा शब्द वर्षभर कोणी उच्चारत नाही.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि मनातून उमटणाऱ्या भावाचा. शाळेतल्या घाईत यांपैकी दोनच उरतात, पाठ केलेली वाक्यं आणि अंगावर चढवलेले कपडे. शरीर वाक्याच्या ठेक्यावर हलत राहतं आणि सात्त्विकापर्यंत कोणी पोहोचत नाही, कारण तिथे पोहोचायला वेळ लागतो. ‘हा माणूस असं का वागतो?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. तो प्रश्न म्हणजेच नाटकाचा अभ्यास, असं मी मानते.

हा प्रश्न नेमका कसा विचारावा याची एक पद्धत रंगभूमीने शोधून ठेवली आहे. रशियन नट आणि दिग्दर्शक कॉन्स्तांतिन स्तानिस्लाव्स्की याने 1898 मध्ये नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को याच्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं आणि नटाच्या कामाची शिस्त आयुष्यभर लिहीत, तपासत राहिला. त्याच्या दोन कल्पना शाळेतल्या मुलांना सहज पेलतात. एक म्हणजे ‘दिलेली परिस्थिती’. माणूस कुठे आहे, कोणासमोर आहे, आत्ताच काय घडून गेलंय आणि त्याला पुढच्या क्षणी काय हवंय. दुसरी म्हणजे ‘जर’. मी या जागी, या परिस्थितीत असते तर काय केलं असतं? त्या माणसासारखं वाटून घे, असं तो सांगत नाही. त्या माणसाच्या जागी उभं राहून कृती शोध, असं सांगतो. मुलांच्या दृष्टीने यात केवढी मोकळीक आहे! ‘दुःखी हो’ म्हटलं तर चौदा वर्षांचा मुलगा ओठ लोंबवतो. ‘तुला आईला काहीतरी सांगायचंय, पण ती शेजारच्यांशी बोलतेय’ म्हटलं तर तो दाराशी घुटमळतो, बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो. आणि बघणाऱ्याच्या पोटात तुटतं.

मग वेगळ्या मताच्या माणसाच्या जागी उभं राहायची वेळ येते. खलनायकाचं काम करणाऱ्या मुलाला मी पहिली अट घालते, या माणसाला स्वतःचं वागणं बरोबर का वाटतं ते तीन वाक्यांत लिहून आण. हे लिहिताना मुलं अक्षरशः घामाघूम होतात. सावकाराला, धाकट्या भावाची जमीन लाटणाऱ्या थोरल्याला, परीक्षेत फसवणाऱ्या मित्राला स्वतःची बाजू असते, आणि ती समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे, हे तेव्हा हळूहळू उमगतं. वादविवाद स्पर्धेत समोरच्याचा मुद्दा खोडायचा असतो. इथे तो मुद्दा आपल्या तोंडून, पटेल असा बोलायचा असतो.

ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्तो बोआल याने 1970च्या दशकात एक पद्धत रुजवली, तिला फोरम थिएटर म्हणतात. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, तो वाईट जागी संपवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, आणि प्रेक्षकांतल्या कोणीही ‘थांबा’ म्हणून रंगमंचावर यायचं, पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं वागून बघायचं. आम्ही एकदा सहलीच्या बसचा प्रसंग केला. एक मुलगा आत येतो. जिथे जिथे रिकामी जागा दिसते तिथे कोणीतरी दप्तर ठेवतं. शेवटी तो उभाच राहतो. बस सुटते.

पहिला हस्तक्षेप एका दांडग्या मुलाने केला. त्याने दप्तर उचलून खाली फेकलं. मारामारी झाली, आणि सगळ्यांच्या नजरेत अपराधी ठरला तो उभा असलेला मुलगाच. दुसऱ्या मुलीने शिक्षकांना हाक मारली. दप्तर हललं, जागा मिळाली, पण पूर्ण प्रवासात शेजारचा एक शब्द बोलला नाही. तिसऱ्याने विनवणी करून बघितली, तेव्हा बसमध्ये हशा पिकला. मग बराच वेळ कोणी उठेना. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी आली. तिने त्या मुलाची जागा घेतली नाही. खिडकीशी गप्प बसलेल्या, या सगळ्यात काहीच न करणाऱ्या मुलीची जागा घेतली. आणि फक्त आपलं दप्तर मांडीवर ओढलं. प्रसंग तिथेच सुटला. चर्चेत एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे आपण सगळे त्या खिडकीवाल्या मुलीसारखेच असतो का?’ मी उत्तर दिलं नाही. सद्‌वर्तनावर पन्नास मिनिटं बोलूनही मला तो प्रश्न त्यांच्याकडून मिळाला नसता.

नाटकाच्या समर्थकांनी इथे एक काळजी घेतली पाहिजे. नाटकाने गणित सुधारतं, बुद्ध्यंक वाढतो, सगळ्याच विषयांचे गुण वाढतात, असं काहीही बोलून हा विषय शाळेच्या गळी उतरवायचा मोह होतो. एलन विनर आणि लोइस हेटलँड या अमेरिकन संशोधकांनी कलाशिक्षण आणि अभ्यासातली प्रगती यांच्या नात्याचा मोठा आढावा 2000 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा असे बरेच दावे पुराव्यावर टिकले नाहीत. मात्र वर्गातलं नाटक आणि भाषिक कौशल्यं यांचा कार्यकारणसंबंध त्यांना स्पष्ट दिसला. त्यासाठी 80 अभ्यास तपासले गेले होते. विशेष म्हणजे मुलांना फायदा झाला तो केवळ अभिनय करून पाहिलेल्या गोष्टींपुरता नव्हता, न पाहिलेला नवा मजकूर समजून घेतानाही तो दिसला. 2004 मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्गने सहा वर्षांच्या 144 मुलांचे गट करून वर्षभर काहींना संगीत आणि काहींना नाटक शिकवलं, एका गटाला यातलं काहीच नाही. बुद्ध्यंकाचा थोडा जास्त लाभ संगीताच्या गटांना झाला. नाटकाच्या गटात सुधारलं ते सामाजिक वर्तन. पुढे 2012 मध्ये थालिया गोल्डस्टीन आणि विनर यांनी अभिनय शिकणाऱ्या मुलांची दुसऱ्या कला शिकणाऱ्यांशी तुलना केली, तर अभिनयाच्या गटात सहानुभूती अधिक वाढलेली आढळली. किशोरवयीनांमध्ये तर दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची क्षमताही वाढली.

भाषा आणि माणसं वाचणं, एवढंच आपण म्हणावं. तेवढं पुरेसं आहे. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला रोज उठून आणखी कशाची गरज लागते?

पडद्यामागच्या कामाबद्दलही थोडं सांगते. सगळ्यांनी अभिनयच करावा असं नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, प्रॉम्प्टिंग ही पूर्ण कामं आहेत, फक्त ती ‘उरलेल्यांना’ देऊ नयेत. प्रॉम्प्टरला सगळं नाटक सगळ्यांपेक्षा नीट माहीत असावं लागतं, आणि नटाची शांतता ही विसरल्याची आहे की मुद्दाम घेतलेली, हे क्षणात ओळखावं लागतं. विंगेत उभी राहून दुसऱ्याच्या एन्ट्रीसाठी दाराचा दोर धरणारी मुलगी जे शिकते, ते तिला गृहपाठातून मिळत नाही. गृहपाठ चुकला तर नुकसान तिचं एकटीचं असतं. इथे ती चुकली तर दुसरा अडकतो.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला म्हणजे वेळ. आठवड्याला दोन तास काढणं कठीण आहे हे खरं, पण कार्यक्रमाआधीचे तीन आठवडे जे तास बिनदिक्कत बुडतात ते वर्षभर वाटले तरी मोठा भाग भरून निघेल. खर्चाचा प्रश्न तर नाहीच. बाकं भिंतीला लावली की जागा झाली.

बुजऱ्या मुलांचा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांसमोर उभं करून एखाद्या मुलाचा कायमचा धसका बसवणारे शिक्षक असतात, हे मान्य केलं पाहिजे. म्हणूनच पहिले कित्येक आठवडे प्रेक्षक नकोत. सगळा वर्ग एकाच वेळी जोड्या-जोड्यांनी काम करतो, कोणी कोणाला बघत नाही. ज्या मुलाला वर्गात चिडवतात, त्याला चिडवल्या जाणाऱ्याचंच काम कधीही देऊ नये. कठीण प्रसंगानंतर मुलांना भूमिकेतून बाहेर काढणं हे शिक्षकाचं काम आहे. नाव घेऊन हाक मारायची, जागा बदलायला लावायची, पात्राबद्दल ‘तो’ म्हणून बोलायला सांगायचं. हे जमायला शिक्षकाला शिकावं लागतं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ल कसं हाताळायचं हे न शिकलेला माणूस आपण पाठवत नाही. इथेही पाठवू नये. भाषेच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा भाग खरोखरीचा, करून बघण्याचा असायला हवा.

इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हेथकोट यांनी इतिहास, विज्ञान, समाज असं सगळंच नाटकातून शिकवता येतं हे दाखवून दिलं. त्या स्वतः कमी जाणणाऱ्याची भूमिका घेत आणि मुलांना तज्ज्ञ बनवत. ते सुंदर आहे आणि प्रत्येक शिक्षकाने करून पाहावं. पण इतर विषयांत नाटक वापरतोच, मग वेगळा तास कशाला, असा त्याचा अर्थ लावला जातो तो चुकीचा आहे. भाषा सगळ्या विषयांत वापरतात, म्हणून भाषेचा तास कोणी काढून टाकत नाही.

राहता राहिलं मूल्यमापन. अभिनयाला गुण कसे देणार, असं विचारतात. मी प्रयोगाला गुण देत नाही. देखणा चेहरा, चांगला आवाज ही मुलाची कमाई नसते. मी तालमीची वही बघते. प्रत्येक मुलाने लिहायचं, आज काय करून पाहिलं, काय सोडलं आणि का. गेल्या वर्षी एका अबोल मुलाच्या वहीत एकच वाक्य चार वेळा लिहिलेलं होतं, ‘तू जा, मी येतो.’ मोठा भाऊ धाकट्याला घर सोडून जायला सांगतो, असा प्रसंग होता. पहिल्यापुढे लिहिलं होतं ‘रडत’, आणि खोडून, ‘रडला तर धाकटा जाणारच नाही.’ दुसऱ्यापुढे ‘रागाने’, खोडून, ‘राग असता तर नाव घेतलं असतं, तू म्हणाला नसता.’ तिसऱ्यापुढे ‘हसत’, खोडून, ‘धाकट्याला खोटं कळतं.’ चौथ्यापुढे लिहिलं होतं, ‘त्याच्या शर्टाचं बटण लावत.’ ते खोडलेलं नव्हतं.

प्रयोगात तो ते वाक्य इतक्या हळू बोलला की चौथ्या रांगेपलीकडे कोणाला ऐकूच गेलं नाही. वहीवर मी त्याला पूर्ण गुण दिले.